मनोऱ्यात घंटा की स्पीकर? ठाण्यातल्या एका जुन्या सॅक्रिस्टनचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमचं चर्च नवी मुंबईत, सिडकोच्या प्लॉटवर. मनोरा बांधला, पण त्यात घंटा कधी बसलीच नाही. आता एक कुटुंब आईच्या आठवणीसाठी घंटा द्यायला तयार आहे. त्यांनी मुंबईत दारुखान्याच्या भंगार बाजारात जहाजाची एक जुनी पितळी घंटा पाहूनही ठेवली आहे. कमिटीतले काही जण म्हणतात, स्पीकर लावा, रेकॉर्डिंग वाजवा, स्वस्तात होईल. शेजारच्या सोसायट्या तक्रार करतील ही धास्ती आहेच. आणि खरं सांगायचं तर घड्याळ-मोबाइलच्या दिवसांत घंटा हवी कशाला, हेही आम्हाला नीट सांगता येत नाही."

शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर पक्कं झालं की घंटा कोणती आणि कुठे टांगायची याचा निम्मा वाद आपोआप मिटेल.

ठाण्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं सॅक्रिस्टन, म्हणजे वेदीचं सामान आणि घंटा सांभाळणारा सेवक, होतो. माझ्या आधी वडील होते. मी दिवसा वागळे इस्टेटमध्ये फिटर, आणि सकाळ-संध्याकाळ घंटेच्या दोरावर. दुपारची घंटा आई वाजवायची. डाळ उतरवायची, पदराला हात पुसायचे आणि निघायची. गावठाणात कुणाला बारा वाजल्याचं घड्याळात पाहावं लागत नसे.

चर्चच्या घंटेची एक बोली असते. नुसतं वाजवलं की घंटा झाली, असं नाही. किती टोल, किती अंतराने, कोणत्या वेळी, यावरून ऐकणाऱ्याला निरोप कळतो. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा किंवा सात, या तीन वेळा आंजेलसच्या. देवदूताने मरियेला निरोप दिला, त्याची ही प्रार्थना. तीन टोल, थांबायचं; पुन्हा तीन, थांबायचं; पुन्हा तीन; आणि शेवटी सलग नऊ. काही ठिकाणी नऊऐवजी शेवटी थोडा वेळ घंटा वाजतीच ठेवतात. प्रत्येक तीन टोलांनंतर एक "नमो मरिया" म्हणून व्हावी एवढी उसंत. ती मोजायला घड्याळ लागत नाही, मनातल्या मनात प्रार्थनाच म्हणायची. मी लहानपणी दोर हातात घेतला की टोल भराभर पडायचे. वडील खालून म्हणायचे, "अरे, तुझी मरिया धावतेय!"

या तीन घंटा एकदम सुरू झाल्या नाहीत. संध्याकाळची सगळ्यात जुनी, दुपारची सगळ्यात शेवटची. दुपारच्या घंटेमागे लढाई आहे. १४५६ मध्ये तुर्कांचं सैन्य बेलग्रेडवर चालून गेलं, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून सगळ्यांनी प्रार्थना करावी असं फर्मान काढलं. वेढा उठला, घंटा मात्र राहिली. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस आंजेलसच्या जागी "स्वर्गाच्या राणी, आनंद कर" ही प्रार्थना असते. टोल तेच राहतात.

मयताची घंटा वेगळी. एक टोल, आणि तो पूर्ण विरेपर्यंत दुसरा नाही. आमच्या घंटेचा नाद विरायला वीसेक सेकंद लागायची. कान तिच्यावर ठेवून उभं राहायचं, शेवटची गुणगुण संपली की पुढचा टोल. पुरुषासाठी किती, बाईसाठी किती, लहान मूल असेल तर काय, याच्या चाली गावोगाव निराळ्या. माझ्या मते तुम्ही नवी चाल काढू नका. तुमच्या धर्मग्रामात वसईचे, गोव्याचे, मंगळुरूचे, केरळचे लोक असणार, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. सगळ्यांसाठी सारखेच, सावकाश टोल ठेवा. आमच्याकडे ही घंटा सुरू झाली की बायका ओट्यावर यायच्या आणि पहिला प्रश्न, "कोणाची?" आता मयताची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर घंटेच्या आधी पोचते. तरीही शववाहिनी फाटकात शिरते तेव्हा पहिला टोल पडतो आणि रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा हॉर्नवरचा अंगठा काढतो. हे मी किती वेळा पाहिलं आहे.

मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, मनोऱ्यातली घंटा बोलावणं करते, अर्धा तास आधी एकदा आणि पाच मिनिटं आधी एकदा. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादर तयार होतात त्या खोलीच्या, दाराशी एक लहान घंटा असते, ती वाजली की लोक उभे राहतात आणि फादर बाहेर येतात. तिसरी वेदीपाशी, वेदीसेवकाच्या हातातली. फादर अर्पणांवर हात पसरतात त्या सुमाराला एकदा, मग भाकर उंचावताना आणि पेला उंचावताना. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये, हळू आवाजात म्हणत. मागच्या बाकावरच्या माणसाला कळायचं कसं की भाकर-पेला उंचावण्याचा क्षण आला? म्हणून घंटी. त्याच वेळी मनोऱ्यातलीही वाजवायचे, म्हणजे शेतातला माणूस हातातलं काम थांबवून डोकं लववी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकातल्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, फादर लोकांकडे तोंड करून, आपल्या मराठीत मिस्सा करू लागले, तेव्हा घंटीची तशी गरज उरली नाही. नियमावलीत तिची सक्ती नाही, स्थानिक रिवाजाप्रमाणे वाजवावी असं आहे. आम्ही ठेवली. ती हातात असताना दहा वर्षांचा पोरगा वेदीवरून नजर हलवत नाही, हा माझ्या दृष्टीने पुरेसा उपयोग.

आणि एक प्रसंग असा, की घंटेची किंमत ती नसताना कळते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी महिमागीत सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजवतात आणि मग गप्प. शुक्रवारी नाही, शनिवारी दिवसभर नाही. त्या दिवसांत घंटीऐवजी लाकडी खटखट्या वाजवायचा, पोर्तुगीज त्याला मात्राका म्हणत. कोरडा, टाळूला चिकटल्यासारखा आवाज. मग शनिवारी रात्री, ईस्टरच्या जागरणात, महिमागीताची पहिली ओळ उठते आणि मनोऱ्याखाली अंधारात दोर धरून थांबलेल्या माणसाने तो ओढायचा. तळहात घामेजलेले असतात. आत दिवे लागतात ते मला कधी दिसले नाहीत, एकतीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून होतो.

आता घंटा नको म्हणणाऱ्यांना एक आपली गोष्ट सांगा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई. वसईकडच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आणि १७०७ हे साल अजून वाचता येतं. मेणवलीच्या घंटेखाली मी उभा राहिलो आहे. काठावर हात फिरवला तर काठ अजून गुळगुळीत, टोल पडतो तिथे फक्त किंचित खळगा. एखाद्याचा आवाज फार मोठा असला की आपण "नारोशंकराची घंटा" म्हणतो. चर्चच्या मनोऱ्यातून उतरलेली घंटा मराठीला वाक्प्रचार देऊन बसली आहे. सांगायचा मुद्दा, चांगलं कांसं तीनशे वर्षं टिकतं. त्या कुटुंबाला सांगा की ते जे देणार आहेत ते त्यांच्या पणतवंडांच्या लग्नातही वाजेल. स्पीकर दोन पावसाळे काढेल.

म्हणूनच जहाजाची घंटा मनोऱ्यासाठी घेऊ नका. वाईट नाही, पण तिचं काम वेगळं. ती बहुधा पितळेची असते आणि आवाज चिरका, जवळच्या माणसाला हाक मारण्यापुरता. मनोऱ्याची घंटा कांशाची हवी, साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. कथील वाढवलं तर धातू ठिसूळ होतो, कमी केलं तर नाद मरतो. आकाराचा हिशेबही फसवा असतो. १ मीटर व्यासाची घंटा सुमारे ६०० किलोची भरते, पण ६० सेंटिमीटरची १३० किलोच्या आसपास, आणि जहाजाची ३० सेंटिमीटरची जेमतेम १६. व्यास निम्मा झाला की वजन आठवा हिस्सा. तुमच्या मनोऱ्याला ६० सेंटिमीटरची पुष्कळ झाली. जहाजाची घंटा त्यांना घ्यायचीच असेल तर सॅक्रिस्टीच्या दाराशी लावा, छान दिसेल. आणि कुणी "जुन्या चर्चची, दीडशे वर्षांची" अशी घंटा बाजारात दाखवली, तर आधी कागद मागा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि ती कुणाच्या तरी मनोऱ्यातून चोरलेली असण्याचीही शक्यता असते.

विकत घेताना, जुनी असो वा नवी, तडा तपासायचा. घंटा लाकडी ठोकळ्यावर न ठेवता दोराने अधांतरी टांगा, लाकडी हातोडीने काठावर हलकं ठोका. नाद लांबत जायला हवा. बद्द वाजली, फुटक्या मडक्यासारखी, तर सोडून द्या. शंका असेल तर आम्हा फिटर लोकांची युक्ती: काठाला आतून-बाहेरून रॉकेल फासायचं, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ उमटवतं. केसाएवढी बारीक रेघही दिसते.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. सणाच्या नोव्हेनाचे नऊ दिवस, रोज दोनदा लांब वाजवायची. हात भरून येऊ नयेत म्हणून मी लोळ्यालाच, म्हणजे घंटेच्या जिभेलाच, दोर बांधला आणि तो भिंतीतल्या कडीतून खाली घेतला. ओढायला हलकं झालं. पण असा बांधलेला लोळा टोल देऊन मोकळा मागे येत नाही, काठाला टेकून राहतो, आणि थरथरणाऱ्या धातूला जी थरथर बाहेर टाकायची असते ती आतच कोंडते. सणाच्या सकाळी पहिल्याच टोलाला घंटा बद्द वाजली. वडील अंगणात होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं वर पाहिलं. पुढे एका वर्कशॉपवाल्याने "गॅस वेल्डिंगने सांधून देतो" म्हणून ती नेली आणि परत आली तेव्हा तडा बोटभर वाढलेला. कांशाची घंटा एका जागी तापवली की दुसरीकडे फुटते. सांधायचीच असेल तर सगळी घंटा भट्टीत हळूहळू तापवून, तशीच हळू थंड करावी लागते, आणि हे काम जाणणारे फार थोडे. ती घंटा आता पोर्चमध्ये कुंड्यांच्या शेजारी आहे. मुलं तिच्यावर चढतात.

तेव्हा लोळ्याला थेट दोर बांधायचा नाही. जड घंटा असेल तर ती आडव्या सागवानी तुळईवर चाकासह झुलवतात, पण झुलणारी घंटा मनोऱ्याला आडवे धक्के देते. तुमचा मनोरा शोभेसाठी बांधलेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी शब्दाशिवाय झुलवू नका. घंटा स्थिर टांगून बाहेरून पडणारा हातोडा बसवला तर भार नुसता खाली जातो. हातोडा असो वा लोळा, तो घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा हवा. झिजायचंच तर त्याने झिजावं. पुढे कधी काठावर टोलाच्या जागी खळगा दिसू लागला की घंटा पाव वळण फिरवून टांगायची, नवी जागा मिळते. नटबोल्ट दर पावसाळ्याआधी आणि नंतर पाहायचे. खाडीची खारी हवा लोखंड खाते, घंटेला काही करत नाही. घंटेला त्रास कबुतरांचा. त्यांची विष्ठा कांशाला लागते, म्हणून मनोऱ्याच्या खिडक्यांना जाळी हवीच. हिरवट-काळी झालेली घंटा कुणी उत्साहाने घासून चकाचक करायला निघाला तर त्याला खाली उतरवा. तो थर धातूचं रक्षण करतो. ऑइलपेंट तर अजिबात नको.

वीज कडाडत असताना कुणी दोराला हात लावायचा नाही, आणि मनोऱ्यावर तडितरोधक असल्याखेरीज घंटा चढवायचीच नाही. एके काळी युरोपात वादळ पांगावं म्हणून मुद्दाम घंटा वाजवत. "मी वीज मोडते" असं लॅटिनमध्ये घंटेवरच ओतलेलं असे. त्या पायी ओला दोर हातात धरलेली कितीतरी माणसं वीज पडून गेली. जूनमधलं आपलं आभाळ तुम्हाला माहीत आहे.

आता शेजारी. तक्रारीची भीती खरी आहे, पण तिचं कारण लोक समजतात ते नाही. जुनी चर्चं बांधली तेव्हा मनोरा घरांच्या वर असे. आवाज कौलांवरून पसरत जायचा, खाली पोचेपर्यंत मऊ व्हायचा. तुमच्याकडे घंटा चौथ्या मजल्याच्या उंचीवर असणार आणि समोर वीस मजली इमारत. पाचव्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी थेट घंटेच्या तोंडासमोर. उपाय मनोऱ्यातच आहे: त्या बाजूची खिडकी विटांनी किंवा जाड फळीने बंद करा, उरलेल्या बाजूंना खाली कललेल्या झडपा लावा, म्हणजे आवाज अंगणात उतरतो. तरीही तीव्र वाटला तर हातोड्याच्या तोंडाला चामड्याचा तुकडा. आम्ही २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, लोळ्याला तसं चामडं बांधायचो. घंटा दुरून बोलल्यासारखी वाटते.

कायदा थोडक्यात असा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ शांतता. ती फक्त स्पीकरसाठी नाही, उघड्यावरच्या कुठल्याही वाद्याला लागू आहे. सकाळच्या आंजेलसची घंटा सहाच्या आधी एक मिनिटही नको. खरं तर मी साडेसहा सुचवीन. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालय-शाळा-कोर्टाभोवतीचे १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. तुमच्या प्लॉटशेजारी काय आहे ते आधी पाहा. याच नियमांमुळे मुंबईत, आपल्याकडे बरीच वर्षं उघड्यावरची नाताळची मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकावी लागली. स्पीकरला तर दिवसाही लेखी परवानगी लागते, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे स्वस्तातला पर्याय कागदोपत्री महागडा.

पण स्पीकरला माझा विरोध परवानगीमुळे नाही. कांशाच्या एका टोलात अनेक सूर असतात. आधी वरचे पुढे येतात, मग ते एकेक गळतात आणि सर्वात खालचा, सप्तकभर खालचा, मागे घुमत राहतो. कर्ण्यातून नेमका तोच येत नाही, येते ती किणकिण. शिवाय रेकॉर्डिंगला माणूस लागत नाही. एका चर्चमध्ये मी पाहिलं, टायमर बिघडला आणि गुड फ्रायडेला दुपारी बाराला घंटा दणक्यात वाजली. वेदीसमोर लोक गुडघ्यावर होते. बंद कसं करायचं हे ज्याला ठाऊक, तो गावाला गेलेला.

सोसायट्यांशी घंटा बसण्याआधी बोला. नंतर नाही. सेक्रेटरीला एक कागद द्या: कधी, किती टोल, किती वेळ. आंजेलसला दोन मिनिटंही लागत नाहीत. आमच्याकडे शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली होती. कागद दिल्यावर ते गॅलरीत उभे राहून टोल मोजू लागले, आणि एकदा मी आठच दिले तर खाली येऊन सांगून गेले.

आशीर्वादाचं तुमचे फादर पाहतीलच. पूर्वी बिशप घंटेला पवित्र पाण्याने धुऊन, आतून-बाहेरून पवित्र तेल लावत, लोक त्याला घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. हल्लीचा विधी साधा, पाणी, धूप आणि प्रार्थना. घंटेला संताचं नाव देतात. दात्यांच्या आईचं नाव ज्या संतावरून होतं तेच द्या, सगळ्यांचं समाधान होईल. अक्षरं ओतकामातच उठवून घ्या, मागाहून छिन्नीने कोरू नका.

राहिला वाजवणारा. पगारी माणूस पुरत नाही, तीन-चार जण तयार करा, त्यात आठवी-नववीतली दोन मुलं-मुली असू द्या. नवशिका दोर ओढतो आणि धरून ठेवतो. त्याला सांगा, झटका द्यायचा आणि दोर हातातून सैल वर जाऊ द्यायचा. नायलॉनचा दोर घेऊ नका, ताणतो आणि तळहात सोलतो. काथ्या हाताला खरखरीत लागतो. जाड सुती दोर घ्या. त्याचं टोक वाजवणाऱ्यांत जो सर्वात बुटका असेल त्याच्या छातीशी येईल एवढंच ठेवा, आणि गाठ मारून ठेवा, म्हणजे पोरं लोंबकळणार नाहीत. थोडी लोंबकळतीलच.